गृहशिक्षण आणि सार्वजनिक परीक्षा : पंडिता रमाबाई, बहिणाबाई व स्पेलिंग बी यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

जळगावलगतचे असोदा हे गाव कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे जन्मगाव म्हणून महाराष्ट्राला परिचित आहे. 1880 मध्ये तेथील महाजन कुटुंबात जन्मलेल्या बहिणाबाईंना शाळा मिळाली नाही आणि अक्षरओळखही झाली नाही. त्यांच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी, 1878 मध्ये, शाळेत कधीही न गेलेल्या एका मराठी तरुणीची कोलकात्यातील विद्वानांनी जाहीर परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. ही तरुणी म्हणजे रमाबाई डोंगरे. दोघींचे शिक्षण घरातच झाले आणि दोघींची स्मरणशक्ती असामान्य होती. तरीही एकीला विद्वत्सभेचे दार उघडले, तर दुसरीला स्वतःची ओवी कागदावर उतरविता आली नाही. हा फरक कशामुळे पडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. घरी शिकणारी मुले ज्या स्पर्धेत आज विशेष चमकतात, त्या अमेरिकेतील स्पेलिंग बी या स्पर्धेच्या इतिहासाचाही आधार या विवेचनासाठी घेतला आहे.

स्पेलिंग बी : स्वरूप आणि इतिहास

शेजाऱ्यांनी एकत्र जमून एकमेकांचे काम उरकण्याच्या प्रथेला अमेरिकेत ‘बी’ म्हणत असत. मराठी शेतकऱ्याच्या परिभाषेत इर्जिक म्हणतात, तशीच ही प्रथा होय. शब्दांची अक्षरे अचूक सांगण्याच्या सामुदायिक खेळालाही हेच नाव पडले. 1925 मध्ये वॉशिंग्टन येथे या खेळाची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. तीत नऊ स्पर्धक होते आणि फ्रँक न्यूहाऊझर हा 11 वर्षांचा मुलगा ‘ग्लॅडिओलस’ या शब्दावर विजयी झाला. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या स्पर्धेत स्पर्धकाला शब्दाचा अर्थ, त्याची मूळ भाषा व वाक्यातील उपयोग विचारता येतो. त्यानंतर प्रत्येक अक्षर क्रमाने उच्चारावे लागते.

अशी स्पर्धा इंग्रजीत का रुजली, याचे कारण त्या भाषेच्या लेखनपद्धतीत आहे. इंग्रजीत उच्चार आणि लेखन यांचा मेळ अनेकदा बसत नाही. देवनागरीत तो बऱ्याच अंशी बसतो. मराठी लेखनातील अडचण मुख्यतः ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांपुरती असते. त्यासाठी 1962 मध्ये 14 आणि 1972 मध्ये आणखी 4 नियम शासनमान्य झाले. मराठी मुलाला एकेका शब्दासाठी सभेसमोर उभे करण्याची गरज त्यामुळे भासली नाही.

घरी शिकलेल्या मुलांचे या स्पर्धेतील यश 1997 पासून ठळकपणे दिसते. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या रिबेका सीलफॉन, 2000 मध्ये भारतीय वंशाचा जॉर्ज थंपी आणि 2007 मध्ये इव्हान ओडॉर्नी हे घरी शिकणारे विद्यार्थी विजेते ठरले. 2021 मध्ये लुइझियाना राज्यातील 14 वर्षांची झायला अवांत-गार्ड हिनेही हा मान मिळविला. तिचा अखेरचा शब्द ‘मुराया’ हा होता. ज्या वनस्पतिवर्गात आपल्या कढीपत्त्याची गणना दीर्घकाळ होत आली, त्याचे हे लॅटिन नाव. झायला दररोज सुमारे सात तास सराव करीत असे. शाळेचे वेळापत्रक नसल्यामुळे एवढा वेळ मिळतो, हा गृहशिक्षणाचा उघड लाभ होय. तथापि वेळ मिळणे आणि त्या वेळात शिकविणारे कोणी असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

रमाबाईंचे गृहशिक्षण

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यप्रदेशात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित होते. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले, त्याबद्दल स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला आणि धर्मशास्त्राच्या आधाराने आपल्या कृतीचे समर्थनही केले. रमाबाईंच्या बालपणी वडील वृद्ध झाले होते, म्हणून मुलीला शिकविण्याचे काम आईकडे आले. घरकाम सुरू होण्यापूर्वी, पहाटेच्या वेळी लक्ष्मीबाई मुलीला जागे करून पाठ देत. समोर पुस्तक नसे. आई म्हणे आणि मुलगी तिच्यामागून म्हणे. याच पद्धतीने रमाबाईंनी व्याकरण, कोश आणि भागवत पुराण आत्मसात केले. भागवताचे सुमारे 18,000 श्लोक त्यांना मुखोद्गत होते, असे चरित्रकार नमूद करतात.

तयारीच्या दृष्टीने पाहता या पद्धतीचे स्पेलिंग बीच्या सरावाशी साम्य आहे. दोन्हीकडे पाठ देणारा माणूस घरचाच असतो, उजळणी रोज होते आणि चुकीची दुरुस्ती जागच्या जागी होते. मुलाची गती पाहून पाठ लहान-मोठा करता येतो. घोकंपट्टी म्हणून पाठांतराची हेटाळणी होते, परंतु या दोन्ही ठिकाणी पाठांतराला व्याकरणाची आणि व्युत्पत्तीची जोड होती, हे लक्षात घेतले पाहिजे. शब्द कोणत्या भाषेतून आला हे ओळखणारा स्पर्धक न ऐकलेला शब्दही तर्काने सांगू शकतो. समासाचा विग्रह जाणणारा विद्यार्थी अपरिचित श्लोकाचाही अर्थ लावू शकतो.

या शिक्षणाला मर्यादाही होत्या. मुलांनी इंग्रजी शिकू नये व व्यावहारिक विद्येकडे वळू नये, असे घरातील धोरण होते. पुराणवाचनाखेरीज उपजीविकेचे साधन कुटुंबाकडे नव्हते. 1870 च्या दशकातील दुष्काळात त्यांची अन्नान्नदशा झाली. वडील, आई आणि थोरली बहीण यांचा एकामागून एक मृत्यू झाला. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास हे दोघेच पायी भटकत 1878 मध्ये कोलकात्यास पोहोचले. आपल्या शिक्षणातील ही उणीव रमाबाईंनी पुढे आत्मनिवेदनात स्पष्टपणे नोंदविली आहे.

कोलकात्याची परीक्षा आणि 1882 ची साक्ष

कोलकात्यातील परीक्षकांत पंडित महेशचंद्र न्यायरत्न व प्रा. टॉनी यांच्यासारखे संस्कृतज्ञ होते. वीस वर्षांच्या अविवाहित तरुणीने संस्कृतातून दिलेली उत्तरे हा तत्कालीन वृत्तपत्रांना कुतूहलाचा विषय वाटला. मात्र त्याच शहरात केशवचंद्र सेन यांनी वेद वाचण्यास सुचविले, तेव्हा स्त्रियांना तो अधिकार नाही, या समजुतीने रमाबाई प्रथम अडखळल्या. म्हणजे जाहीर परीक्षेत उत्तीर्ण झालेल्या विदुषीच्या मनावरही घरच्या शिकवणीची चौकट कायम होती.

रमाबाईंनी आपल्या यशाचा अर्थ कसा लावला, हे येथे निर्णायक ठरते. 1882 मध्ये त्या पुण्यास आल्या आणि त्याच वर्षी हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली. घरी शिकून विद्वत्तेच्या शिखरावर पोहोचलेल्या या स्त्रीने ‘घरोघरी मुलींना शिकवावे’ एवढ्यावर समाधान मानले नाही. त्यांनी स्त्री-शिक्षिका, स्त्री-पर्यवेक्षक आणि स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. याच आयोगाला महात्मा फुले यांनी निवेदन सादर केले आणि किमान 12 वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे सुचविले. पुढे 1889 मध्ये रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन स्थापन केले. आपल्या आईसारखी आई प्रत्येक मुलीला लाभणार नाही, याची जाण त्यांच्या या कार्यामागे दिसते.

असोद्याची बाजू

आयोगाचे काम चालू होते त्या वेळी असोद्यातील बहिणाबाई दोन वर्षांच्या होत्या. त्यांच्या घरातही शिक्षण होते. शेतीची कामे, सणवार, जात्यावरच्या ओव्या आणि लेवा गणबोलीचे शब्दभांडार हे सर्व त्यांनी ऐकून व करून आत्मसात केले. लक्ष्मीबाईंच्या पहाटेच्या पाठाप्रमाणे हेही मुखपरंपरेचेच शिक्षण होते. परंतु अक्षरविद्या त्या घरापर्यंत पोहोचली नव्हती. वयाच्या तेराव्या वर्षी विवाह होऊन त्या जळगावच्या चौधरी कुटुंबात आल्या. पुढे त्यांची गाणी लिहून ठेवली ती पुत्र सोपानदेव आणि नातलग पितांबर चौधरी यांनी. 3 डिसेंबर 1951 रोजी बहिणाबाईंचे निधन झाले आणि 1952 मध्ये आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ प्रसिद्ध झाली. अक्षर या घरात आले ते पुढच्या पिढीच्या शाळेतून. तसे झाले नसते, तर ही कविता घराच्या उंबऱ्याबाहेर पडली नसती. ज्या घरांत असा शिकलेला मुलगा नव्हता, त्या घरांतील किती गाणी जात्याबरोबरच थांबली असतील, याची मोजदाद करणे शक्य नाही.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसून येते की सार्वजनिक परीक्षेत मूल एकटे उभे राहत असले, तरी तेथे त्याच्या घराचीही परीक्षा होत असते. गृहशिक्षणाचे यश मुलाच्या बुद्धीइतकेच घरातील विद्या, वेळ आणि इच्छा यांवर अवलंबून असते. रमाबाईंना या तिन्ही गोष्टी लाभल्या. बहिणाबाईंकडे बुद्धी होती, पण घरात अक्षर नव्हते. 1 एप्रिल 2010 पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने 6 ते 14 वयोगटातील मुलांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार दिला, तो फुले यांच्या 1882 च्या मागणीनंतर तब्बल 128 वर्षांनी. घरी शिकून स्पर्धा जिंकणाऱ्या मुलांचे कौतुक जरूर व्हावे. मात्र त्यावरून शाळा अनावश्यक ठरत नाही. ज्या घरात पहाटे पाठ देणारे कोणी नाही, त्या घरातील मुलीसाठी गावातील शाळा हाच एकमेव आधार आहे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 2018 मध्ये बहिणाबाईंचे नाव देण्यात आले. त्या नावाचा खरा सन्मान असोद्यासारख्या गावांतील प्राथमिक शाळेच्या गुणवत्तेवर अवलंबून राहील.