पोर्तेला : रिओच्या उपनगरांतील एक सांबा-शाळा

ब्राझील देशांतील ज्या शहरास आपण रिओ द जानेरो म्हणतों, तें पोर्तुगीजांनीं १५६५ सालीं वसविलें व संत सेबेस्तियनचें नांव देऊन त्याच्याच आश्रयास सोंपविलें. या संताचा २० जानेवारीचा सण आपल्याकडेहि पाळला जातो. उपवासकाळापूर्वींच्या ज्या दिवसांस गोमंतकांत इंत्रुज म्हणतात, त्यांसच ब्राझीलमध्यें पूर्वीं एन्त्रूदू म्हणत असत. या शहराच्या उत्तरेस ओस्वाल्दो क्रूझ व मादुरैरा या एकमेकींस लागून असलेल्या वस्त्यांत पोर्तेला नांवाची सांबा-शाळा १९२३ पासून नांदत आहे. तिचा वृत्तांत येथें योजिला आहे.

शाळा म्हटली, तरी तेथें फळा नाहीं कीं पंतोजी नाहीं. तें वस्तीचें मंडळ होय. तें वर्षभर गाणीं रचतें, ताल बसवितें, पोशाख शिवतें आणि कार्निव्हलांत एखाद्या कथेवर मिरवणूक काढून इतर शाळांशीं चुरस करतें.

ब्राझीलमध्यें गुलामगिरी १८८८ सालीं रद्द झाली. परंतु मुक्त झालेल्यांच्या हातीं जमीन आली नाहीं. कॉफीच्या मळ्यांवरून पुष्कळ लोक राजधानीकडे आले. तेथेंहि १९०३ ते १९०६ च्या दरम्यान रुंद रस्त्यांसाठीं गरिबांचीं घरें पाडण्यांत आलीं, तेव्हां कित्येकांनीं आगगाडीच्या रुळांच्या कडेनें दूर उपनगरांत बिऱ्हाडें केलीं. ओस्वाल्दो क्रूझ ही अशीच वस्ती. जिच्या नांवानें ती ओळखली जाते ती व्यक्ति म्हणजे प्लेग व पीतज्वर यांशीं झुंजलेला प्रख्यात डॉक्टर. ज्या प्लेगनें १८९६ सालीं मुंबई उजाड केली, तोच १८९९ त ब्राझीलच्या सांतोस बंदरीं पोहोंचला होता, हें सहज सांगून ठेवतों.

या वस्तींत १९२० च्या सुमारास पावलो बेन्जामिन द ओलिवैरा नांवाचा तरुण राहावयास आला. लांकडी सामानास पॉलिश करणें हा त्याचा धंदा. त्या काळीं कृष्णवर्णीयाच्या हातीं ढोलकें दिसलें कीं पोलिसांस संशय येई. म्हणून ही मंडळी सायंकाळीं कामावरून परततांना आगगाडीच्या डब्यांतच गात व ठरावठराव करीत. पावलोनें ओळखलें कीं, जग आपणांस प्रथम कपड्यांवरून जोखतें. त्यानें दंडक घातला : पायांत बूट व गळ्यांत टाय असल्याखेरीज कोणी मिरवणुकींत येऊं नये. अनवाणी चालणाऱ्यांच्या वस्तींत हा नियम जड होता. पण लोकांनीं तो अभिमानानें पाळला. संत सेबेस्तियनच्या सणादिवशीं, २० जानेवारी १९२९ रोजीं, सांबाची जी पहिली चुरस झाली, ती याच वस्तीच्या गटानें जिंकली.

त्यांच्या मंडळाचें नांव ‘जमेल तसें चालावें’ अशा अर्थाचें होतें. १९३५ त परवान्याच्या वेळीं पोलीस अधिकाऱ्यास तें अशोभनीय वाटलें. तेव्हां वस्तीतील रस्त्याचें नांव घेऊन मंडळ ‘पोर्तेला’ झालें. पहिली अधिकृत स्पर्धाहि तिनें त्याच सालीं जिंकली.

निष्कलंक गर्भसंभवाची माता व संत सेबेस्तियन हे पोर्तेलाचे आश्रयदाते. तिचे निळा व शुभ्र हे रंगहि मातेच्या वस्त्रांचेच. मात्र तेथील पुष्कळांच्या मनांत मातेच्या जोडीस ओशून व संताच्या जोडीस ओशोसी हीं आफ्रिकन दैवतेंहि उभीं असतात. शाळेच्या वाद्यवृंदाचा खास ठेका तर ओशोसीचाच मानतात. ही सरमिसळ आपणांस रुचो वा न रुचो. साखळदंडांत आणून बाप्तिस्मा दिलेल्या लोकांनीं आपल्या पूर्वजांची खूण अशी जतन केली, हें इतिहासानें नमूद केलेंच पाहिजे.

आतां एक खेदाची गोष्ट. १९४१ च्या कार्निव्हलच्या वेळीं पावलो साव पावलो शहराहून परतला, तो कार्तोला व एतोर दुस प्राझेरिस या दोघां मित्र गायकांसह. तिघांचे कपडे काळे-पांढरे होते. नियम निळ्या-शुभ्र पोशाखाचा. शिवाय मित्र परक्या मंडळांतले. पावलोनें एकट्यानें यावें, असें त्यास सांगण्यांत आलें. मित्रांस दारांत ठेवून आंत जाणें त्यानें नाकारलें व तो निघून गेला. ज्यानें पोशाखाची शिस्त लाविली, त्याच्याच वाटेंत पोशाख आडवा आला! त्या सालापासून पोर्तेलानें सलग सात वर्षें विजय मिळविला. पावलो मात्र पुन्हां तिच्यांत परतला नाहीं. जानेवारी १९४९ मध्यें तो वारला, तेव्हां त्याच्या प्रेतयात्रेस हजारों लोक लोटले.

पुढें १९७० त पावलिन्यो दा व्हिओला या गायकानें शाळेच्या वृद्ध गायकांस एकत्र करून त्यांच्या गाण्यांची तबकडी काढविली; नाहीं तर कित्येक गाणीं त्यांच्याबरोबरच गेलीं असतीं. १९७२ त मादुरैरांत मोठें सभागृह झालें. तें ज्या रस्त्यावर आहे, त्यास १९८३ त निवर्तलेली शाळेची लाडकी गायिका क्लारा नुनिस हिचें नांव आहे. १९८४ नंतर तेहतीस वर्षें एकहि विजेतेपद लाभलें नाहीं. २०१७ सालीं मिळालें तें बाविसावें.

२ डिसेंबर हा ब्राझीलमध्यें सांबाचा दिवस. त्या सुमारास, पावलोच्या स्मरणार्थ, मध्य स्थानकावरून गायक-वादकांनीं भरलेल्या आगगाड्या सुटतात व गातवाजत ओस्वाल्दो क्रूझ स्थानकावर येऊन थांबतात. हा प्रघात १९९० नंतरच्या दशकांत वस्तीतीलच एका गायकानें पाडला.