ऊस, मद्यार्क आणि मालमोटार

उसाच्या मळीपासून निघणारा मद्यार्क, म्हणजे आजच्या बोलीतले इथेनॉल, मोटारीत जाळण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४८ साली केंद्राने ‘इंडियन पॉवर अल्कोहोल ॲक्ट’ हा स्वतंत्र कायदाच केला होता. २००० साली तो रद्द झाला तोवर बहुतेकांच्या विस्मरणात गेला होता. त्या कायद्याचा रोख पेट्रोलवर होता. डिझेलवर चालणाऱ्या मालमोटारींशी त्याचा संबंध नव्हता, आणि आजही इथेनॉल त्यांच्या टाकीपर्यंत पोहोचलेले नाही. ऊस ज्या ट्रकमधून कारखान्यात येतो त्याच ट्रकला उसाचे इंधन का चालू नये? या प्रश्नाचे उत्तर इंजिनाच्या घडणीत आहे, आणि ते वेळीच लक्षात न घेतल्याची किंमत ब्राझीलसारख्या देशाने मोजलेली आहे.

निकोलाउस ऑटोने १८७६ साली सिद्ध केलेल्या इंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि ते ठिणगीने पेटते. रुडॉल्फ डिझेलने ठिणगीच काढून टाकली. १८९७ साली यशस्वी ठरलेल्या त्याच्या इंजिनात केवळ हवा दाबली जाते. आजच्या ट्रकमध्ये ती मूळ आकारमानाच्या सुमारे सतराव्या-अठराव्या हिश्शात कोंबली जाते व इतकी तापते की आत फवारलेले इंधन आपोआप भडकते. म्हणजे डिझेल इंजिनाला सहज पेट घेणारे इंधन हवे, तर ऑटोच्या इंजिनाला ठिणगी पडेपर्यंत न पेटणारे. इथेनॉल या दुसऱ्या जातीचे आहे. आपोआप पेटण्याचा गुण ज्या सिटेन अंकाने मोजतात तो डिझेलचा पन्नासच्या आसपास, तर इथेनॉलचा जेमतेम आठ. शिवाय बाष्प होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेते, त्यामुळे दाबून तापवलेली हवाच निवते. पेट्रोलच्या इंजिनात जो गुण, तोच डिझेलच्या इंजिनात दोष ठरतो.

ब्राझीलने हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला. १९७३च्या तेलसंकटाने हादरलेल्या, बहुतांश खनिज तेल आयात करणाऱ्या त्या देशाने १४ नोव्हेंबर १९७५ रोजी ‘प्रो-आल्कूल’ योजना जाहीर केली. आरंभी पेट्रोलमध्ये मद्यार्क मिसळला गेला. १९७९ साली निव्वळ मद्यार्कावर चालणारी फियाट १४७ बाजारात आली. १९८०च्या दशकाच्या मध्यावर तेथे विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी दहांत नऊंहून अधिक मद्यार्कावर धावणाऱ्या होत्या. शासकीय योजनेला इतके यश क्वचितच लाभते, हे अनुभवाने सांगतो.

परंतु ट्रक डिझेलवरच राहिले. प्रयत्न झाले नाहीत असे नव्हे. साखर कारखान्यांच्या मळ्यांसाठी ठिणगीच्या मोठ्या इंजिनांचे ट्रक काढले गेले. डिझेल इंजिनात चालावे म्हणून मद्यार्कात नायट्रेटवर्गीय रसायन मिसळून पाहिले गेले. पहिल्या मार्गात इंधन फार खर्ची पडे, दुसऱ्यात रसायन महाग पडे. दोन्ही प्रयोग मागे पडले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. खनिज तेलाच्या एका पिंपातून पेट्रोल आणि डिझेल दोन्ही निघतात. हवे तेवढे एकच काढता येत नाही. मोटारी मद्यार्कावर गेल्या, पण ट्रकांसाठी तेल आणणे थांबेना. मग त्यातून निघणारे पेट्रोल उरू लागले, आणि तेलाची आयात करणाऱ्या ब्राझीलवर ते परदेशी विकण्याची पाळी आली. मोटारींच्या आकड्यांवर समाधान मानणाऱ्यांनी हा हिशेब क्वचितच मांडला. १९८९-९०च्या सुमारास मद्यार्काचीच टंचाई झाली आणि मोटारवाल्यांचा विश्वासही उडाला. तो परतला तो २००३ साली, दोन्ही इंधने चालणारी फोक्सवॅगन गोल आल्यावर.

अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे बव्हंशी पेट्रोलवर चालणारी, मागे उघडा हौदा असलेली गाडी. तेथे ८५ टक्के इथेनॉल चालणारे असे ट्रक पुष्कळ निघाले, पण एकाच नमुन्याच्या गाडीत एका इंजिनाला ते चालते, दुसऱ्याला नाही. कारण निम्मे तांत्रिक आहे: इथेनॉल न खाणारे रबर व धातू हवेत, जास्त इंधन सोडणारी पिचकारी हवी, आणि मिश्रण ओळखणारी यंत्रणा हवी. उरलेले निम्मे कायद्यात आहे. १९८८च्या कायद्याने अशा गाड्यांबद्दल कंपन्यांना इंधनबचतीच्या हिशेबात सवलत दिली; जिथे सवलत सोयीची पडली तिथे ते इंजिन बसले.

खऱ्याखुऱ्या जड वाहनासाठी उत्तर शोधले ते स्वीडनने. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून स्टॉकहोममध्ये स्कॅनिया कंपनीच्या इथेनॉल बसगाड्या धावू लागल्या. त्यांत ठिणगी नाही; इंजिन डिझेलच्याच जातीचे, मात्र हवा अठराव्याऐवजी अठ्ठाविसाव्या हिश्शात दाबणारे. इंधनात सुमारे पाच टक्के ज्वलनसाहाय्यक आणि थोडे गंजरोधक घालतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा कमी असल्यामुळे तेवढ्याच अंतराला डिझेलच्या सुमारे दीड ते पावणेदोन पट इंधन लागते, म्हणून टाकी मोठी. जुन्या ट्रकमध्ये हे सारे नंतर बसवणे परवडत नाही. इंजिन मुळातच तसे घडवावे लागते, आणि तसे घडवणारे कारखाने जगात मोजकेच निघाले.

हीच बस २०१४च्या ऑगस्टमध्ये नागपुरात आली. ऊस पिकवणाऱ्या महाराष्ट्रात ती रुजेल अशी आशा अनेकांना वाटली, मलाही वाटली. इंजिनांनी दगा दिल्याचे कोणी म्हटले नाही. पैशाच्या देण्याघेण्याचा वाद पेटला आणि २०१८ साली कंपनीने सेवा थांबवली.

२०२५ साली आपल्या पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोहोचले. देशात डिझेल मात्र पेट्रोलच्या दुपटीहून अधिक जळते, आणि त्याच्या मोठ्या ग्राहकांत मालमोटारी आहेत. ब्राझीलमध्ये उरलेल्या पेट्रोलचा हिशेब आपल्याकडच्या शुद्धीकरण कारखान्यांच्या कागदांवर अजून कोणी मांडलेला माझ्या वाचनात आलेला नाही.