हातांनी घडविलेली गती

भारतीय चित्रपटाचा इतिहास यंत्राच्या आगमनापासून सांगण्याची प्रथा आहे. मला तो हातांपासून सांगावासा वाटतो. कारण त्याचा एक धागा आपल्या वडोदऱ्याच्या कलाभवनात गुंतलेला आहे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली स्थापन झालेल्या या संस्थेत धुंडिराज गोविंद फाळके शिकले. पुढे छायाचित्रण व मुद्रण हेच त्यांचे व्यवसाय झाले.

१९१२ साली त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून प्रथम त्यांनी काय केले? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. रोप वाढत असता ठराविक अंतराने एकेक चित्र घेतले. ती चित्रे पडद्यावर सलग धावताच कित्येक दिवसांची वाढ क्षणांत दिसली. हाच ‘अंकुराची वाढ’. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात छिद्रे पाडण्याच्या कामी सरस्वतीबाईंचे हात असत. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात निर्जीव काड्याही हलल्या. मूकपटास सेकंदाला साधारण १६ चित्रे लागत. म्हणजे मिनिटभराच्या हालचालीस सुमारे ९६० चित्रांचा धीर हवा!

हे दोन्ही लघुपट आज उपलब्ध नाहीत. त्यामुळे १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ तेवढा स्मरणात राहिला आणि त्यामागील हस्तविद्या विस्मृतीत गेली. वस्तू किंचित सरकवून चित्र घेण्याची ती रीत मात्र संगणकाच्या युगातही टिकून आहे. चित्रकलेचा तास गणिताच्या जादा तासासाठी सोडून देण्यापूर्वी हा इतिहास आठवावा, एवढीच माझी विनंती.