परळातला पिंपळ

भिंतीत उगवलेला पिंपळ ही यवतमाळकडच्या जुन्या घरांची नेहमीची अडचण. पाखराने बी टाकावे, पावसाने ते रुजवावे आणि चार वर्षांत भिंतीला तडा जावा! ठेवावा तर घर जाते, तोडावा तर वडीलधारी माणसे हात धरतात. आमच्या घरी हा पेच पडला, तेव्हा आषाढातल्या एका ओल्या सकाळी वीतभर पिंपळ मी भिंतीतून अलगद सोडवला. तळाला भोक पाडलेल्या मातीच्या परळात तो बसवायचा, तर लांब मूळ छाटणे आले. मी कात्री उचलली नि आई म्हणाली, "मूळच कापलं तं मंग तोडनं अन् हे, एकच नाही का रे?"

प्रश्नाने मला पुस्तकांकडे धाडले. चीनमध्ये इ. स. 706 च्या एका राजपुत्राच्या थडग्यात, तबकात दगड नि झाडे घेऊन चाललेले सेवक भिंतीवर रंगवले आहेत. 'बोन्साय' हे नाव मात्र जपानी. बोन म्हणजे तबक, साय म्हणजे लावणे. हिरोशिमाच्या यामाकी घराण्यातला एक पाइन वृक्ष 1625 पासून कुंडीत वाढलेला. 6 ऑगस्ट 1945 रोजी अणुबाँब पडला तो तिथून दोनेक मैलांवर; भिंतीच्या आडोशाने झाड वाचले. 1976 मध्ये ते अमेरिकेला भेट गेले. इतक्या वर्षांत त्याची मुळे कितीदा छाटली गेली असतील! जाड मूळ आखूड केले की त्याला नवी तंतुमुळे फुटतात, आणि पाणी शोषतात ती हीच. फक्त मुळांच्या मानाने पालाही कमी करावा लागतो, नाहीतर झाड सुकते.

पण आईला जपान सांगून काय उपयोग? मी सागाची गोष्ट सांगितली. वनखात्याच्या रोपवाटिकेत अंगठ्याएवढे जाड झालेले रोप उपटतात, दोन बोटे खोड ठेवून शेंडा उडवतात, मूळ वीतभर ठेवून बाजूचे तंतू तासतात. उरते ती नुसती काडी; तिला 'स्टंप' म्हणतात. पावसाच्या तोंडी ती पहारेने पाडलेल्या भोकात दाबली की तिचाच पुढे साग होतो. त्याला मोकळी जमीन मिळते, पिंपळाला परळ. कात्री दोघांनाही लागते.

आई काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी पिंपळाला दोन तांबूस पाने फुटली, तेव्हा परळापाशी हळदकुंकू दिसले, नि रोज तांब्याभर पाणी पडू लागले. तळाला भोक होते म्हणून बरे!