कामा हॉस्पिटल आणि स्त्री-डॉक्टरांचा अधिकार

मराठी समाजाच्या स्मरणात स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ आनंदीबाई जोशी यांच्या नावाशी जोडलेला आहे, आणि ते योग्यच आहे. तथापि १८८३ च्या एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, त्याच वर्षी मुंबईत जे घडत होते त्याची दखल त्या मानाने फारच थोडी घेतली गेली. जॉर्ज किट्रेज हे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी शापुरजी बंगाली हे पारशी सुधारक यांनी वर्गणीतून एक निधी उभारला होता. इंग्लंडहून स्त्री-डॉक्टर आणावयाच्या, स्त्रिया व मुले यांच्यासाठी स्वतंत्र रुग्णालय काढावयाचे आणि येथील मुलींना ग्रँट मेडिकल कॉलेजात प्रवेश मिळवून द्यावयाचा, असे त्याचे तिहेरी उद्दिष्ट होते. मद्रासच्या मेडिकल कॉलेजाने १८७५ मध्येच स्त्रियांना प्रवेश दिला होता; मुंबईला हे शहाणपण आठ वर्षांनी सुचले.

रुग्णालयासाठी पेस्तनजी होरमसजी कामा यांनी देणगी दिली व १८८६ मध्ये ते सुरू झाले. परंतु त्याचे वेगळेपण इमारतीपेक्षा तेथील कारभार स्त्री-डॉक्टरांच्याच हाती असावा या आग्रहात होते. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या डफरिन फंडाच्या, म्हणजे व्हाइसरॉयच्या पत्नीने काढलेल्या निधीच्या, रुग्णालयांत स्त्री-डॉक्टरांना पुष्कळदा सिव्हिल सर्जनच्या, अर्थात जिल्ह्याच्या सरकारी डॉक्टरच्या, हाताखाली राहावे लागे, हे पाहिले म्हणजे या आग्रहाचे मोल कळते.

किट्रेज-बंगाली निधीतर्फे १८८३ च्या डिसेंबरात इंग्लंडहून मुंबईत आलेल्या डॉक्टर एडिथ पीची यांना हे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. एडिंबरो विद्यापीठात रसायनशास्त्राच्या परीक्षेतील गुणांवर त्यांच्याकडे येणारी होप शिष्यवृत्ती त्यांच्याहून कमी गुणांच्या विद्यार्थ्याला देण्यात आली, आणि कारण काय, तर स्त्रियांचा वर्ग वेगळ्या वेळी भरत असल्याने त्या मूळ वर्गाच्या विद्यार्थिनीच ठरत नाहीत! वर्ग वेगळा भरवणारे विद्यापीठच होते, ही गोष्ट मात्र निकाल देताना कोणी विचारात घेतली नाही.

आनंदीबाई १८८६ मध्ये पदवी घेऊन परतल्या. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील नेमणूक त्यांच्या हाती होती, पण ते काम सुरू होण्याआधीच, फेब्रुवारी १८८७ मध्ये, त्यांचे निधन झाले. व्यवसायाची दीर्घ कारकीर्द लाभली ती रखमाबाईंना. बालपणी झालेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात, असा निकाल १८८७ मध्ये ज्यांच्याविरुद्ध लागला होता आणि पुढल्या वर्षी तडजोड होऊन ज्या मोकळ्या झाल्या, त्या रखमाबाई पीचींच्या प्रोत्साहनाने १८८९ मध्ये लंडनला शिकावयास गेल्या व परतल्यावर सुरत आणि नंतर राजकोट येथील स्त्री-रुग्णालयांत त्यांनी तीन दशकांहून अधिक काळ काम केले.