बेडकाची दोन हृदये आणि एक पोस्टकार्ड #थ्रेड

मज्जातंतू हृदयाला किंवा स्नायूला संदेश देतो, तो नेमका कसा? विसाव्या शतकाच्या आरंभी बहुतेकांचे उत्तर ठरलेले होते : विजेने. तंतूतून विद्युतस्पंद धावतो हे सिद्ध झालेच होते. तोच टोकाशी येऊन पुढच्या पेशीत उडी घेत असणार, असे मानले जाई. केंब्रिजच्या इलियट यांनी १९०४ मध्ये रसायनाची शक्यता सुचवली होती. पुरावा मात्र कोणापाशीच नव्हता.

तो मिळाला ऑस्ट्रियातील ग्राझ येथे, ओटो लोवी यांना. प्रयोगाची कल्पना म्हणे त्यांना स्वप्नात सुचली. अर्धवट झोपेत कागदावर खरडलेले अक्षर सकाळी त्यांचे त्यांनाच लागेना! दुसऱ्या रात्री तीनच्या सुमारास ती कल्पना पुन्हा आली, तेव्हा ते उठून थेट प्रयोगशाळेत गेले. (ही हकीकत त्यांनी बऱ्याच वर्षांनी सांगितली, तेव्हा तपशील जरा जपूनच घ्यावेत. शोधनिबंध १९२१ चा, हे मात्र पक्के.)

बेडकांची दोन हृदये काढून क्षारद्रावणाच्या आधारे धडधडत ठेवली. पहिल्याला व्हेगस मज्जातंतू जोडलेला, दुसऱ्याचा काढून टाकलेला. व्हेगसला विजेने चेतवताच पहिले हृदय मंदावले. मग त्यातील द्रावण दुसऱ्या हृदयात सोडले. तेही मंदावले! त्याला ना तंतू होता, ना वीज मिळाली होती. पोहोचले होते ते केवळ द्रावण. म्हणजे तंतूच्या टोकाशी काही रसायन पाझरत होते. ते पुढे ॲसिटिलकोलीन ठरले.

इतरांना हा प्रयोग सहजी साधेना, शंका उठल्या. १९२६ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत लोवींनी तो सर्वांदेखत करून दाखवला. १९३६ चे नोबेल त्यांना व हेन्री डेल यांना विभागून मिळाले.

मार्च १९३८. हिटलरचे सैन्य ऑस्ट्रियात शिरले. लोवी ज्यू, वय ६४. त्यांना दोन धाकट्या मुलांसह तुरुंगात टाकले. आपण मारले जाणार असे वाटत असताना त्यांनी पहारेकऱ्याकडे मागितले ते पोस्टकार्ड आणि लेखणी. ताज्या प्रयोगाचा निष्कर्ष त्यावर लिहून त्यांनी तो एका शास्त्रीय नियतकालिकाकडे धाडला. पुढे सुटका झाली. पण देश सोडण्यापूर्वी नोबेलची रक्कम स्टॉकहोमहून नाझींच्या ताब्यातील बँकेत वळती करावी लागली.

१९४० मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. मेंदू आणि मज्जारज्जूत तरी संदेश विजेनेच जातो, असा आग्रह धरणाऱ्यांचे अग्रणी जॉन एक्लिस यांनी १९५१ मध्ये स्वतःच्याच प्रयोगापुढे हार मानली. तेव्हा लोवी हयात होते.