सरकारी दवाखाना आणि स्पर्शाचा प्रश्न

आपल्या देशातील आरोग्यसेवेचा इतिहास लिहिणारे बहुधा इमारतींपासून सुरुवात करतात. १८४५ साली मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले, १९२६ साली परळला केईएम रुग्णालय सुरू झाले, पुढे खाटा वाढल्या, डॉक्टर वाढले, असा तो इतिहास असतो. तो खोटा नाही. पण अपुरा आहे. दवाखाना म्हणजे नुसती इमारत नव्हे. दुखणाऱ्या माणसाच्या अंगाला दुसऱ्या माणसाने हात लावून पाहणे, ही दवाखान्याची पहिली क्रिया आहे. ज्या समाजव्यवस्थेने काही माणसांच्या अंगाला हात लावणे हाच विटाळ ठरवला, त्या समाजात आरोग्यसेवेचा इतिहास हा आधी स्पर्शाचा इतिहास असतो. मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. पाठ्यपुस्तकाच्या आरोग्यविषयक प्रकरणात ही बाजू मला फारशी भेटली नाही, म्हणून हे टिपण.

इंग्लंडमध्ये सार्वजनिक आरोग्यसेवेचा प्रश्न मुख्यतः पैशाचा होता. डिसेंबर १९४२ मध्ये बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला आणि ५ जुलै १९४८ रोजी, अन्युरिन बेव्हन आरोग्यमंत्री असताना, तेथील राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. खर्च प्रामुख्याने करांतून करायचा आणि रोग्याने उपचाराच्या वेळी पैसे मोजायचे नाहीत, हे तिचे सूत्र. गरिबीमुळे बंद असलेला दरवाजा त्या दिवशी उघडला. आपल्याकडे मात्र पैशाच्या दरवाजाअलीकडे आणखी एक दरवाजा होता. खिशात फीचे पैसे असले तरी तो उघडत नव्हता.

या दुसऱ्या दरवाजाच्या खुणा फार जुन्या आहेत. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचली गेली. भारतातील ही पहिली यशस्वी टोचणी. त्या काळी एका मुलाच्या दंडावरील फोडातून लस घ्यायची आणि ती दुसऱ्याच्या दंडावर टोचायची, अशी पद्धत होती. लस जिवंत ठेवायची तर ती दंडावरून दंडावर जातच राहिली पाहिजे. हलक्या ठरवलेल्या जातीच्या मुलाच्या अंगातील लस आपल्या मुलाच्या अंगात जाते, याला उच्चवर्णीयांची हरकत होती. रोगापासून वाचण्यासाठीसुद्धा आमच्या देहातले काही चालत नव्हते.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पाठोपाठ पुण्यात शिरला. सरकारी रुग्णालयात सर्व जातींची सरमिसळ होईल या धास्तीने जातीजातींची वेगळी प्लेग रुग्णालये निघाली. मरणाच्या दारातही माणसे जात घेऊनच उभी होती. त्याच काळात पुण्याबाहेर, ससाणे मळ्यात, डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेथे राबत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. प्लेगचा इतिहास सांगताना २२ जून १८९७ चा रँडचा वध हमखास सांगितला जातो. त्याच्या साडेतीन महिने आधीचा हा मृत्यू मात्र आरोग्यसेवेच्या इतिहासात क्वचित येतो. वास्तविक महाराष्ट्रातील लोकांच्या आरोग्यसेवेचा पाया तेथे शोधला पाहिजे. कारण तेथे अस्पृश्य मुलाच्या देहाला हात लागला, आणि तो हात लावणाऱ्या बाईने त्याची किंमत प्राणाने दिली.

स्पर्शाचा हा व्यवहार सर्वस्वी बंद होता असेही नव्हे. तो सोयीप्रमाणे उघडत होता. बऱ्याच गावांत बाळंतपण करणारी सुईण महारवाड्यातली किंवा मांगवाड्यातली असे. माझी आजी सुईण होती. रात्री-अपरात्री कंदील घेऊन माणूस बोलवायला यायचा, तेव्हा तिच्या हाताला विटाळ नसायचा. नाळ तिने कापायची, वार तिने पुरायची, रक्ताने भरलेली लुगडी तिने धुवायची. बाळबाळंतीण सुखरूप झाली की पायलीभर ज्वारी आणि एक जुनेर मिळायचे, आणि घर शुद्ध करून घेतले जायचे. ज्या मुलाला तिने जगात आणले, ते मूल मोठे झाल्यावर तिने पाण्याच्या हंड्याला हात लावलेला चालत नव्हता. आजीजवळ पिढ्यांचे ज्ञान होते. पण या व्यवस्थेने त्या ज्ञानाला विद्या म्हटले नाही, घाण काम म्हटले.

याची दुसरी बाजू बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये नोंदवून ठेवली आहे. काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचे पत्र १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’त छापून आले होते, ते त्यांनी तेथे घेतले आहे. शिक्षकाची बायको बाळंत होऊन दोन दिवसांनी आजारी पडली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नव्हता. गावच्या नगरशेठने रदबदली केली, दोन रुपये फीची हमी घेतली, तेव्हा तो आला. पण अट अशी की रोग्याला वस्तीबाहेर आणले पाहिजे. बाळंतीण बाहेर आणली गेली. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हातात दिले, त्याने नवऱ्याच्या, नवऱ्याने बायकोच्या; आणि त्याच क्रमाने ते परत गेले. डॉक्टरने तिच्या अंगाला हात लावला नाही. ती बाई वाचली नाही. पैशाची हमी होती, डॉक्टर होता, थर्मामीटर होते. नव्हता तो फक्त हात. सार्वजनिक आरोग्यसेवेचा कोणताही विचार या देशात या घटनेला वळसा घालून करता येणार नाही.

बाबासाहेबांच्या कार्याची ही बाजू आपणही पुरेशी पाहिलेली नाही. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी त्याला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून या खर्चाचा भार सरकारनेही उचलावा, ही त्यांची भूमिका होती. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्यांच्याच खात्याच्या काळात, मार्च १९४३ मध्ये, प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपवले गेले आणि १९४४ साली त्यांचा अहवाल आला. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्ली येथे त्याची अंमलबजावणी सुरू झाली. कामगाराचे आजारपण ही त्याची खाजगी आपत्ती नाही, हे तत्त्व येथे प्रथमच देशव्यापी कायद्यात आले.

पण या योजनेत कोण आले आणि कोण राहिले? कारखान्यातला कामगार आला, शेतमजूर राहिला. गावोगावचा भूमिहीन दलित सालगडी होता, रोजंदारीवर होता, ऊसतोडीला जात होता. त्याला हजेरीपट नव्हता, म्हणून त्याला विमाही नव्हता. कारखान्याच्या आतही सगळे सारखे नव्हते. कापडगिरण्यांच्या विणाई खात्यात धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. उष्टे होते म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या चांगल्या पगाराच्या खात्यात शिरू दिले जात नव्हते. म्हणजे कामगार म्हणून मिळालेला हक्कसुद्धा स्पर्शाच्या नियमातून गाळून आमच्यापर्यंत पोचत होता.

खेड्याचा विचार केला तो सर जोसेफ भोर यांच्या समितीने. १९४३ साली नेमलेल्या या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, हे तिचे मूलतत्त्व होते. पहिल्या टप्प्यात ४०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असे तिने सुचवले. १९५२ साली समूह विकास योजनेबरोबर अशी केंद्रे उघडू लागली. महाराष्ट्रात १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या आणि ही केंद्रे त्यांच्या हाती गेली. तत्त्व निःसंशय थोर होते. परंतु ऐपत नसणे हे एकच कारण डोळ्यांपुढे ठेवून उभारलेली ही रचना ज्या गावात गेली, त्या गावाची वस्ती जातीने विभागलेली होती.

दुसऱ्या दरवाजाला हात घातला तो संविधानाने. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणतात, रुग्णालयात वा दवाखान्यात अस्पृश्यतेच्या कारणावरून प्रवेश नाकारणे गुन्हा ठरवले. एवढेच नव्हे, तर प्रवेश दिल्यानंतर भेदभाव करणे हाही गुन्हा ठरवला. कायदा करणाऱ्यांना माहीत होते की दार उघडल्याने प्रश्न संपत नाही. १९५१ साली मद्रास इलाख्यातील वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रवेशांवरून सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि त्यातूनच पहिली घटनादुरुस्ती होऊन अनुच्छेद १५(४) आला. त्याच्या आधाराने आमची मुले-मुली डॉक्टर झाली. ज्यांच्या आईच्या अंगाला डॉक्टर शिवत नव्हता, ती आता स्टेथोस्कोप लावून दुसऱ्याच्या छातीचे ठोके ऐकतात. या क्रांतीचे मोल खाटांच्या आकड्यांत मोजता येत नाही.

मग गाडी अडते कोठे? माझ्या घरातले उदाहरण सांगतो. २००४ साली आईला क्षय झाला. मी तेव्हा अकरावीला होतो. खाजगी डॉक्टरने क्षकिरणाचे आणि औषधाचे मिळून जे पैसे सांगितले, ते आमच्या घराच्या हिशेबात बसणारे नव्हते. आईला आरोग्य केंद्रात नेले. थुंकी तपासली, आणि १९९७ साली सुरू झालेल्या सुधारित क्षयरोग कार्यक्रमातून तिला सहा महिन्यांची औषधे फुकट मिळाली. औषधांचा एक खोका आला. त्यावर आईचे नाव लिहिलेले होते. जमिनीच्या कागदावर जिचे नाव कधी चढले नाही, त्या बाईच्या नावाने सरकारने औषधाचा खोका पाठवला होता. पहिले दोन महिने आठवड्यातून तीनदा कार्यकर्त्यासमोर बसून गोळ्या गिळायच्या, असा नियम होता. ज्या घरी गोळ्या गिळायला जायचे, ते घर गावातल्या मोठ्या आळीत होते. आई ओट्याखाली उभी राही. गोळ्या वरून तिच्या तळहातावर सोडल्या जात. पाणी मिळत नसे. आई घरून तांब्या भरून नेत असे, आणि त्या घोटावर सात-सात गोळ्या उतरवत असे. सहा महिन्यांत आई बरी झाली.

या एका उदाहरणात सारा प्रश्न आहे. औषध दिल्लीहून गावापर्यंत आले. पाणी ओट्यावरून खाली आले नाही. ही सेवा नसती तर आई वाचली नसती, हे जितके खरे, तितकेच हेही खरे की त्या सेवेच्या शेवटच्या चार हातांवर जात उभी होती. आपल्यातले काही जण यातले पहिले सांगून सरकारचे गोडवे गातात. काही जण दुसरे सांगून सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवतात. दोघेही अर्धेच सांगतात.

याच दवाखान्यात आमचा आणखी एक प्रवेश झाला आहे. लादी पुसणारा, रोग्याचे भांडे उचलणारी, शवागारात प्रेताला टाके घालताना हाताशी उभा राहणारा कोण असतो, हे कोणत्याही मोठ्या रुग्णालयात जाऊन पाहावे. आजीच्या हाताला जे काम दिले होते, तेच काम तिच्या नातवंडांच्या हाती गणवेश घालून आले. पूर्वी त्यात निदान कायम नोकरी आणि निवृत्तिवेतन होते. आता जागोजागी ठेकेदार आला. हातमोजा मिळाला तर नशीब.

आणि आता तर हा दवाखानाच हळूहळू काढून घेतला जात आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सार्वजनिक आरोग्यावरील खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केस पेपरचे पैसेही बंद झाले. ही चांगलीच गोष्ट झाली. पण फुकट केस पेपर घेऊन आत गेलेल्या माणसाला डॉक्टरची रिकामी खुर्ची दिसली, तर त्या कागदाचे त्याने काय करावे? दुसरीकडे विम्याच्या योजनेतून सरकारचा पैसा खाजगी रुग्णालयांकडेही जातो. त्या योजनेला २०१७ साली महात्मा जोतीराव फुले यांचे नाव देण्यात आले. ज्यांच्या घरातील बाईने रोगी पाठीवर वाहून आणला, त्यांचे नाव!

खाजगी रुग्णालयात जात विचारत नाहीत, असे आमच्यातले शिकलेले लोक मला सांगतात. बरोबर आहे, तेथे आधी अनामत रक्कम विचारतात, आणि ज्यांना जातीने पिढ्यान् पिढ्या भूमिहीन ठेवले, ते त्या एकाच प्रश्नाला गळून पडतात. विशेष असे की तेथे भेदभाव झाला तर जाब विचारायला माणूस सापडत नाही. सरकारी दवाखान्यात निदान जिल्हा परिषदेत जाऊन टेबलावर हात आपटता येतो. तो आपल्या मताने आणि आपल्या कराने चालतो. आमच्या मजुरीने विकत घेतलेल्या काड्यापेटीवरसुद्धा कर असतो.

म्हणून आपली मागणी दुहेरी असली पाहिजे. आरोग्य केंद्र वस्तीच्या जवळ हवे, त्यात डॉक्टर आणि औषध हवे, सफाईचे काम कायम नोकरीचे हवे. त्याच वेळी १९५५ च्या कायद्यातील प्रवेशानंतरच्या भेदभावाचे कलम दवाखान्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले हवे आणि ते मोडणाऱ्यावर गुन्हा दाखल व्हायला हवा. राखीव जागेतून डॉक्टर झालेल्या आमच्या मुलांनीही शहरातल्या दिव्यांकडे धावताना एकदा मागे वळून पाहावे. त्यांनी गावात कायमचे राहावे असा माझा आग्रह नाही. पण वर्षातून काही दिवस तरी त्यांनी त्या ओट्याशेजारी खुर्ची टाकून बसावे. तेथे रोग्याची नाडी हातात घेऊन पाहणे, हेही चळवळीचेच काम आहे.